कार्बोरेटर दोनदा धुतला, तरी इंजिन अर्ध्या चोकवरच चालतंय

अर्धाचोक

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय. छोटा पेट्रोल जनरेटर आहे, फोर-स्ट्रोक, दोरी ओढून चालू होणारा, साधा फ्लोटचा कार्बोरेटर (खालच्या वाटीत पेट्रोल साठतं आणि तरंगता फ्लोट त्याची पातळी राखतो, तो). सात-आठ महिने कोपऱ्यात पडून होता आणि टाकीतलं पेट्रोल तसंच राहिलं होतं (हो, चूक माझीच). दोरी ओढून खांदा गेला, तरी चालू होईना. कार्बोरेटर उघडला तर वाटीच्या तळाला पिवळट, मधासारखा चिकटा आणि कडेला पांढरी भुकटी. क्लीनर स्प्रेचा अख्खा डबा संपवला, सगळं चकाचक केलं, बसवला.

आता चालू होतो, पण चोक (हवा अडवणारी झडप) पूर्ण उघडला की नाटकं सुरू. घुंऽऽ करत वर जातो, खाली बसतो, पुन्हा वर. लावलेला बल्ब श्वास घेतल्यासारखा मोठा-बारीक होतो. चोक अर्धा ओढून ठेवला की शहाण्यासारखा चालतो. दुसऱ्यांदा उघडला, मुख्य जेट (पेट्रोल मापात सोडणारं बारीक भोकाचं पितळी तोंड) काढून उजेडात धरलं, भोक स्वच्छ गोल दिसतंय. परत बसवला, तेच. आता नवीन कार्बोरेटरच टाकावा, की अजून काही बघायचं राहिलंय?

पानानंबरदहा

एकच प्रश्न. लोड टाकल्यावर काय होतं?

अर्धाचोक

हे मी सांगायलाच विसरलो. इस्त्री लावली की खाली-वर होणं जवळजवळ थांबतं. काढली की परत सुरू.

पानानंबरदहा

मग मुख्य जेटच्या मागे लागू नका, ते बिचारं निर्दोष आहे. पायलट जेट बघा. ते काढलं होतं का?

अर्धाचोक

पायलट जेट? वाटी काढल्यावर मधल्या दांड्यात एकच पितळी जेट दिसलं, ते काढलं. दुसरं कुठे असतं?

पानानंबरदहा

सापडलं मग दुखणं :)

तेलकट हात

दहा नंबर बरोबर बोलतायत, पण थोडं सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दर पावसाळ्या-उन्हाळ्याला कुणाचा तरी असतोच.

इंजिन असं खाली-वर होतं याचा अर्थ त्याला हवेच्या मानाने पेट्रोल कमी मिळतंय. वेग पडला की गव्हर्नर (वेग स्थिर राखणारी यंत्रणा) थ्रॉटल (इंजिनकडे जाणाऱ्या वाटेवरची झडप) उघडतो. उघडल्यावर मुख्य जेटमधून पेट्रोल येतं, इंजिन उसळी मारतं. वेग वाढला म्हणून गव्हर्नर थ्रॉटल मिटतो. मिटल्यावर पेट्रोल द्यायची जबाबदारी पायलट जेटवर येते, आणि ते तुंबलेलं असल्यामुळे इंजिन उपाशी राहतं, वेग पडतो, आणि गाडं पुन्हा पहिल्यापासून. गव्हर्नरला यात दोष नाही, तो त्याचं काम इमानाने करतोय. बरेच जण इथेच फसतात, गव्हर्नरची स्प्रिंग ओढून ताणून ठेवतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

चोक अर्धा ओढला की बरं वाटतं, कारण हवा अडवली जाते आणि आतला ओढा वाढून पेट्रोल जास्त खेचलं जातं. म्हणजे चोकने रोग बरा होत नाही, पण निदान मात्र पक्कं होतं.

लोकांचा एक गैरसमज असतो की पायलट जेट फक्त आयडलिंगपुरतं. जनरेटर तर कायम पूर्ण वेगात, मग त्याला काय करायचंय पायलट जेट? पण वेग आणि थ्रॉटलचं उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी. ५० हर्ट्झचा दोन पोलचा जनरेटर ३००० आरपीएमला फिरतो खरा, पण लोड नसेल तर तेवढा वेग राखायला थ्रॉटल जेमतेम किलकिला लागतो. म्हणजे पेट्रोल येणार ते पायलटच्या वाटेनेच. इस्त्री लावली की थ्रॉटल मोठा उघडतो, मुख्य जेट सूत्रं हातात घेतं आणि इंजिन शांत. तुमची लक्षणं पुस्तकात लिहिल्यासारखी आहेत.

याच्या उलट, मोकळं छान चालतंय आणि लोड टाकला की गुदमरून बंद पडतंय असं असतं, तर मी आधी मुख्य जेट किंवा टाकीकडून येणारी धार बघितली असती.

जुगाडू

एवढा व्याप कशाला? बारीक ड्रिलने मुख्य जेट जरासं मोठं करा. पेट्रोल वाढलं की चोकची गरजच उरणार नाही. मी आमच्या पंपाला केलंय, दणदणीत चालतो.

तेलकट हात

जुगाडूभाऊ, पंपाचा स्पार्क प्लग काढून त्याचा रंग सांगाल का?

आणि धागाकर्ते, कृपा करून हे करू नका. बऱ्याच जेटवर आकडा कोरलेला असतो, ७० म्हणजे साधारण ०.७० मिमी. ते ०.७५ केलंत तर ऐकायला फरक किती, तर अर्ध्या दशांशाचा. पण पेट्रोल जातं क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात वाढतं. हिशोब करा, जवळजवळ १५ टक्के वाढ झाली. शिवाय हातातल्या ड्रिलने भोक गोल राहत नाही आणि काठावर चर पडतात. एवढं करून तुमचा पायलट तुंबलेला तो तुंबलेलाच.

जुगाडू

प्लग काळा आहे. काजळीसारखा, म्हणजे पेट्रोल जास्तच जातंय. गप्प बसतो.

चौकसबाई

जुगाडू, गप्प बसू नका, अशा प्रतिसादांमुळेच आमच्यासारख्यांना कळतं :)

माझा एक प्रश्न. जेटमध्ये काही अडकलं असेल तर नेमकं काय घालायचं? कुणी पिन म्हणतं, कुणी गिटारची तार, कुणी म्हणतं काहीच घालू नका.

पानानंबरदहा

टाचणी, सुई, स्टीलची तार यांना रजा द्या. पितळ मऊ असतं, त्याला ओरखडा पडायला वेळ लागत नाही. मी लवचीक वायरीतला तांब्याचा एक धागा सोलून घेतो. तो साधारण ०.२ मिमीचा असतो, पायलट जेटमधूनही आरामात जातो. नायलॉनचा बारीक दोराही चालतो. आधी मात्र क्लीनरमध्ये भिजत घालायचं. चिकटा विरघळवायचा असतो, ढकलायचा नसतो. ढकललात तर तो पुढच्या वळणावर जाऊन बसतो.

तेलकट हात

आता उघडाच तिसऱ्यांदा. पण या वेळी धुण्यापेक्षा बघण्यात वेळ घाला. बाहेरून चकाकणारा कार्बोरेटर आतून बुजलेला असू शकतो, आणि काळाकुट्ट दिसणारा ठणठणीत असू शकतो.

आधी पेट्रोलचा कॉक बंद, प्लगची टोपी काढलेली, इंजिन थंड, मोकळ्या हवेत, जवळपास शेगडी-सिगारेट काही नको. वाटीच्या खालच्या बोल्टने पेट्रोल काचेच्या बरणीत काढा. फेकू नका, बरणी तशीच राहू द्या, नंतर कामाला येईल. कार्बोरेटर सोडवण्याआधी गव्हर्नरची दांडी आणि तिच्यासोबतची बारीक स्प्रिंग कुठल्या भोकात आहे याचा फोटो काढा. स्मरणशक्तीवर भरवसा ठेवून मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवली आहे. इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये जाड काळा इन्सुलेटर आणि दोन बाजूंना दोन पॅकिंगं असतील. ती दिसायला जुळी, पण भोकं वेगळी असतात. कुठलं कुठे आणि कुठल्या तोंडाने, तेही फोटोत येऊ द्या.

आता पायलट जेट. तुमच्यासारख्या बनावटीच्या बऱ्याच कार्बोरेटरमध्ये ते वाटीच्या बाजूला नसतंच. वरच्या अंगाला थ्रॉटल अडवणारा स्प्रिंगवाला स्क्रू असतो. तो पूर्ण काढा. त्याखाली काळ्या प्लॅस्टिकचं डोकं दिसेल. बघणाऱ्याला ते बूच वाटतं आणि म्हणूनच सुटतं. छोट्या पेचकसाने दोन्ही बाजूंनी हळूहळू उचला, ते आट्याचं नाही, नुसतं ओ-रिंगवर दाबून बसवलेलं असतं. खालच्या टोकाला जे भोक आहे ते ०.३५-०.४ मिमीच्या आसपास. मुख्य जेटचं भोक उजेडात लगेच दिसतं. याचं भोक बघायला ते डोळ्याशी नेऊन थेट आभाळाकडे धरावं लागतं आणि जरा फिरवावं लागतं.

मधल्या दांड्यात मुख्य जेट काढल्यावर त्याच्या मागून एक पितळी नळी खाली येते, अंगभर आडवी बारीक भोकं असलेली. ती दोन्ही वेळा काढली होती का? नसेल तर तीही अर्धीच सफाई. कधी कधी ती अडकून बसते. घशाच्या (हवा जाते त्या मधल्या नळीच्या) बाजूने लाकडी काडीने खाली ढकलायची, पक्कडीने ओढायची नाही.

मिश्रणाचा स्क्रू असेल आणि तो फिरवता येण्यासारखा असेल, तर काढण्याआधी तो आत किती वळशांत टेकतो ते मोजून लिहून ठेवा. टेकवायचा म्हणजे अगदी हलका. जोर लावलात तर टोकाला कडं पडतं आणि मग तो कधीच नीट लागत नाही.

सगळं काढून झालं की मग खरी तपासणी. एकेका भोकात स्प्रेची नळी लावून फवारा मारायचा आणि तो कुठून बाहेर पडतो ते बघायचं. पायलट जेटच्या घरात मारलेला फवारा थ्रॉटलच्या पाकळीजवळ दोन-तीन टाचणीएवढ्या भोकांतून पिचकारीसारखा आला पाहिजे. ठिबकत आला तर वाट पूर्ण मोकळी नाही. फिल्टरच्या बाजूच्या तोंडावर घशाच्या कडेला दोन बारीक भोकं दिसतील, त्या हवेच्या वाटा. त्या बुजल्या तर उलटं होतं, पेट्रोल जास्त पडतं. प्रत्येक भोकाला आत जायची आणि बाहेर यायची जागा आहे. जिथे मारलं तिथूनच तोंडावर आलं तर समजा तिथे गाठ आहे.

आणि चष्मा. साधा नव्हे, बाजूनेही झाकणारा. वर "तोंडावर आलं" असं लिहिलंय ते उपमा म्हणून नाही लिहिलेलं. डावा डोळा दोन दिवस लाल घेऊन फिरलोय.

रात्रपाळी

उत्तम प्रतिसाद, वाचनखूण साठवली. दोन पुरवण्या.

थ्रॉटल आणि चोकच्या पाकळ्यांचे स्क्रू काढायचा मोह आवरा. मागून त्यांची टोकं फुगवलेली असतात, सुटू नयेत म्हणून. जबरदस्तीने काढले आणि तसेच बसवले, तर पुढेमागे एखादा स्क्रू इंजिनच्या पोटात जायची भीती. त्यांना हात न लावताही सगळं साफ होतं.

दुसरं, कॉम्प्रेसरची हवा मारणार असाल तर फ्लोट आणि त्याची सुई (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी) आधी काढून ठेवा. मी न काढता मारली होती. पोकळ फ्लोट चेपला.

चौकसबाई

अल्ट्रासॉनिक यंत्राबद्दल कुणी सांगेल का? त्यात टाकलं की सगळं आपोआप साफ होतं म्हणतात.

तेलकट हात

चांगलं आहे, पण आपोआप काही नाही. सगळं सुटं करून, रबर-प्लॅस्टिक बाजूला काढून, कोमट ते गरम पाण्यात सौम्य साबणद्रावणासोबत चालवायचं. पाण्याचे सूक्ष्म बुडबुडे फुटतात आणि राप सुटतो. जास्त अल्कलीवाला द्रव वापरलात तर ॲल्युमिनियम काळं पडतं. आणि बाहेर काढल्यावर फवाऱ्याची तपासणी करायचीच. सुटलेला गाळ वाटेत कुठेतरी अडकलेला असतो.

अर्धाचोक

ताजी बातमी देतो.

तेलकट हात, तुम्हाला दंडवत. ते काळं प्लॅस्टिकचं डोकं मी दोन्ही वेळा बघितलं होतं आणि दोन्ही वेळा "हे बूच असणार" म्हणून सोडलं होतं. शब्दशः. उचललं, आभाळाकडे धरलं, काहीच दिसेना. वाटलं चुकीचं टोक धरलंय. फिरवलं, तरी अंधार. क्लीनरमध्ये तासभर बुडवून ठेवलं, मग तांब्याचा धागा घातला. आधी आत जाईना, मग एकदम फस्स झाल्यासारखा सरकला आणि टोकावर तपकिरी, गुळाच्या पाकासारखा कण बाहेर आला. मोहरीच्या पावपट. एवढ्याशा कणाने मला दोन रविवार नाचवलं.

मधली पितळी नळीही काढली. तिच्या आडव्या भोकांपैकी दोन बुजलेली होती. फवारा आता तिन्ही टाचणीभोकांतून सरळ पिचकारीसारखा येतोय. हे बघायला इतकी मजा आली की गरज नसताना चार वेळा मारला.

बसवला. तिसऱ्या ओढीला चालू. चोक पूर्ण उघडला आणि बल्ब स्थिर! पण आनंद दहा मिनिटांचा. खालून पेट्रोल गळायला लागलं. वाटीच्या कडेने थेंब थेंब, आणि फिल्टरच्या बाजूनेही ओलं दिसतंय. कॉक बंद केला की थांबतं. आता काय वाढून ठेवलंय?

पानानंबरदहा

वाटीची रबरी रिंग बसवताना मोठी झाल्यासारखी वाटली का? खाचेत बसत नव्हती, एकीकडे दाबली की दुसरीकडे उसळत होती?

अर्धाचोक

तुम्ही माझ्या मागे उभे होता की काय? अगदी हेच झालं. शेवटी बोटांनी दाबत दाबत वाटी बसवली.

पानानंबरदहा

पेट्रोल आणि क्लीनर पिऊन रबर फुगतं. तशीच कोंबली की कुठेतरी चिमटीत सापडते आणि तिथून गळती. काढा, पुसा, रात्रभर उघड्यावर कोरडी होऊ द्या. बऱ्याचदा सकाळी मूळ मापावर येते आणि खाचेत गुमान बसते. चिरली असेल किंवा चपटी झाली असेल तर नवीनच घ्या.

रात्रपाळी

कडेची गळती रिंगची असेल, पण फिल्टरच्या बाजूला ओलं म्हणजे वाटीतली पातळी वर चढतेय. सुई पेट्रोल अडवत नाहीये.

बाकी काही करण्याआधी ऑइलची डिपस्टिक काढा, पातळी बघा आणि वास घ्या. आत्ता. सुई गळत असेल तर पेट्रोल घशातून सिलिंडरमध्ये आणि पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळी खुणेच्या वर गेली असेल किंवा ऑइल पातळ होऊन पेट्रोलचा वास येत असेल, तर ते ऑइल बदलल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही. पातळ ऑइलवर चालवलं तर कार्बोरेटर वाचेल आणि इंजिन जाईल. आणि कधी दोरी मध्येच दगडासारखी अडली तर जोर करू नका. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलेलं असू शकतं. प्लग काढून, ठिणगी दूर ठेवून, हळूच फिरवून ते बाहेर काढायचं.

अर्धाचोक

पातळी खुणेच्या थोडी वर. वास... आहे. ऑइल काढायला ठेवलंय. हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी उद्या मजेत दोन तास चालवला असता.

रात्रपाळी

थोडक्यात निभावलं.

आता सुई. तिचं टोक भिंगाखाली बघा. बऱ्याच सुयांना टोकाला रबराचा शंकू असतो. त्यावर गोल कडं उमटलं असेल तर बदला, घासून भागत नाही. सुईच्या शेपटीला स्प्रिंगवर बसलेली बारीक खिट्टी असते, ती दाबली की सहज आत-बाहेर व्हावी. सुई जिथे टेकते ती बैठक कापसाच्या काडीला क्लीनर लावून गोल गोल पुसा आणि काडीवर काय येतं ते बघा.

फ्लोट कानाशी नेऊन हलवा. आत खळखळ ऐकू आली तर त्यात पेट्रोल शिरलंय, जड झालाय, नीट तरंगणार नाही. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवा, भोक असेल तिथून बुडबुडे येतात. (गरम पाणी म्हणतोय, शेगडीवरचं पातेलं नव्हे. आत पेट्रोल आहे!)

मग परीक्षा. पेट्रोल येतं त्या नळीला स्वच्छ, कोरडी रबरी नळी लावा आणि हलकं फुंका. कार्बोरेटर सरळ धरला तर हवा गेली पाहिजे. उलटा धरला की फ्लोटच्या वजनाने सुई बसते, तेव्हा हवा पूर्ण अडली पाहिजे. जराही सूं आवाज आला तर अजून गळतंय.

तेलकट हात

फ्लोटची उंचीही मोजून घ्या. कार्बोरेटर आडवा कलता धरायचा, असा की फ्लोटची पट्टी सुईला नुसती टेकेल पण ती स्प्रिंगवाली खिट्टी दाबली जाणार नाही. सरळ उलटा करून मोजलं तर वजनाने खिट्टी दबते आणि माप चुकतं. आकडा तुमच्या मॅन्युअलमधलाच घ्या. उदाहरणार्थ होंडाच्या जीएक्स १६० ला तो १३.७ मिमी आहे, पण तो दुसऱ्या कार्बोरेटरला लावू नका. प्लॅस्टिकच्या फ्लोटची पट्टी वाकवायची सोय बहुधा नसते. माप चुकलं तर फ्लोट बदलायचा.

गवतकाप्या

धागा भरकटवत नसेन तर विचारतो. माझ्याकडे टू-स्ट्रोक ब्रशकटर आहे. त्याच्या कार्बोरेटरला वाटीही नाही आणि फ्लोटही नाही. मी उघडला तर दोन्ही बाजूंना पातळ पडदे. साफ करून बसवला, आता चालूच होत नाही.

तेलकट हात

तो डायफ्रामचा. मशीन तिरकी-उलटी धरायची असते म्हणून त्यात फ्लोट चालत नाही. एका बाजूचा पडदा क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या पोकळीतल्या) दाबाच्या चढउतारावर पंपासारखं पेट्रोल खेचतो, दुसऱ्या बाजूचा पडदा लिव्हरमार्फत सुई उघडतो.

तीन गोष्टी बघा. पडदा बोटांत धरून हलवला तर कापडासारखा निमूट वाकायला हवा. कडकड वाजला तर तो संपला, किट आणून बदला. या पडद्यांवर क्लीनर स्प्रे मारला असेल तर तिथेच घात झाला असेल, कारण त्याने ते आखडतात. दुसरं, क्रम. बहुतेक बनावटीत लिव्हरच्या बाजूला आधी पॅकिंग आणि त्यावर पडदा, तर पंपाच्या बाजूला उलट, आधी पडदा अंगाला आणि मग पॅकिंग. उलटसुलट झालं की अगदी तुम्ही म्हणताय तसंच होतं. तिसरं, लिव्हरची उंची, ती किटसोबत येणाऱ्या पत्र्याच्या मापाने तपासता येते.

गवतकाप्या

स्प्रे मारला होता. दोन्हीवर. सढळ हाताने.

चौकसबाई

:(

अर्धाचोक

नवीन ऑइल भरलं. सुईच्या बैठकीत कापसाची काडी फिरवली तर तिसऱ्यांदा टोकावर विटकरी रंगाचा ठिपका आला. भिंगातून बघितलं तर गंजाचा पापुद्रा. सुईचं रबर चांगलं आहे, कडं नाही. फ्लोट मुका आहे, खळखळ नाही. फुंकून बघितलं, उलटा धरल्यावर गच्च. रिंग रात्रभर वाळवली, सकाळी खरंच खाचेत टुपकन बसली.

पण गंज आला कुठून? कार्बोरेटर तर ॲल्युमिनियमचा, जेट पितळेची.

रात्रपाळी

टाकीतून. आता ती बरणी बघा.

अर्धाचोक

बघितली. मी विसरूनच गेलो होतो तिला. वर पिवळसर पेट्रोल, आणि तळाला बोटभर वेगळा थर, त्यात विटकरी भुगा बसलेला. बरणी तिरकी केली की दोघांमधली रेघ स्पष्ट सरकताना दिसते. पाणी?

तेलकट हात

पाणी, आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर पाणी आणि इथेनॉल दोन्ही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पोटात जिरवून ठेवतं. त्याहून जास्त झालं की सगळं एकदम फाटतं आणि जड थर तळाला बसतो. टाकीच्या तळाला, आणि कार्बोरेटरच्या वाटीतही. तुमची ती पांढरी भुकटी त्याचीच, धातू खाल्ल्याची खूण. अर्धी भरलेली टाकी महिनोन्‌महिने ठेवली की आतल्या मोकळ्या हवेतला ओलावा थंडीत पत्र्यावर जमतो, ते पाणी वेगळंच.

टाकी पूर्ण रिकामी करा, ताज्या पेट्रोलने खंगाळा. कॉकच्या खाली छोटी गाळाची वाटी आणि जाळी असेल, ती काढा. मग कार्बोरेटरची नळी काढून, खाली भांडं धरून कॉक उघडा आणि धार बघा. अखंड यायला हवी. धार आधी चांगली येऊन मिनिटभराने बारीक होत गेली तर टाकीचं झाकण सैल करून बघा. झाकणाचं हवेचं भोक बुजलं की आत पोकळी होते आणि पेट्रोल उतरत नाही. वीस मिनिटं चालून बंद पडणारी, थोड्या वेळाने आपोआप चालू होणारी मशीन बऱ्याचदा या झाकणाचीच रुग्ण असते, आणि लोक कार्बोरेटर खोलत बसतात.

जुगाडू

मी नवीन जेट टाकलं. मूळ आकड्याचं. प्लग आता विटकरी-तपकिरी आहे. पेट्रोलही कमी पितोय. एवढंच सांगायला आलो.

अर्धाचोक

टाकी तीन वेळा खंगाळली, तिसऱ्या वेळचं पेट्रोल स्वच्छ. गाळाच्या वाटीतली जाळी म्हणजे जाळी नव्हतीच, तपकिरी कागद झाला होता. धुतली, निघेना, नवीन घातली. धार अखंड येतेय, झाकण घट्ट असतानाही.

काल संध्याकाळी तासभर चालवला. पंधरा मिनिटं मोकळा, मग इस्त्री, मग पुन्हा मोकळा. चोक पूर्ण उघडा. बल्ब हलत नाही. खाली पुठ्ठा पसरून ठेवला होता, त्यावर एकही डाग नाही. डिपस्टिक बघितली, पातळी जागेवर, वास नाही. इन्सुलेटरची पॅकिंगं नवीन घातली, कारण एक सोलतानाच फाटलं. ठेवताना आता कॉक बंद करून बंद पडेपर्यंत चालवतो आणि मग वाटीचा बोल्टही सैल करतो. तरी खाली दोन चमचे निघालंच.

पानानंबरदहा

ते दोन चमचेच पुढच्या वर्षीचा चिकटा असतात. बोल्ट परत आवळताना बेताने, तिथले आटे फार लवकर जातात.

गवतकाप्या

किट आणलं, पडदे बदलले, क्रम तुम्ही सांगितला तसा. सातव्या ओढीला चालू झाला. पण आता रेस सोडली तरी वेग लगेच खाली येत नाही, तरंगत राहतो. लिव्हर?

तेलकट हात

लिव्हर नंतर. आधी कार्बोरेटरचे दोन्ही बोल्ट सारखे आवळलेत का ते बघा, कुठून तरी फुकटची हवा आत शिरतेय. आणि ते बघेपर्यंत त्याला रेस देऊ नका, टू-स्ट्रोक उपाशी पळाला की पिस्टन जॅम व्हायला वेळ लागत नाही.

गवतकाप्या

एक बोल्ट हातानेच फिरतोय. आटे गेलेत. नवीन धागा काढतो.